रापणीवरचे दिगूकाका

रापण ओढताना सगळेच उलटे चालतात. होडीने समुद्रात लांबवर अर्धगोल टाकलेल्या जाळ्याचे दोन दोर वाळूवर येतात, आणि दोन्ही दोरांवर माणसं रांगेने उभी राहून, तोंड समुद्राकडे ठेवून, एकेक पाऊल मागे जात ते ओढतात. पण मागे जाताना "येवंदे, येवंदे, येवंदे… वायच डाव्या अंगाक… येवंदे" असं मोठ्याने म्हणणारा माणूस साऱ्या मालवणच्या किनाऱ्यावर एकच होता. एस्टी मागे घेताना कंडक्टर मागून ओरडतो, अगदी तसं. जाळं जवळ आलं की ते "होल्ड!" म्हणायचे. रापणकर आधी हसायचे, मग त्यांना त्याची सवय झाली, आणि पुढे पुढे तर दिगूकाका "येवंदे" म्हणेपर्यंत कोणाचं पाऊल मागे पडेना.

"जल्मभर कंडक्टरान माका येवंदे म्हटल्यान," ते सांगायचे. "आता माझी पाळी."

ते मच्छीमार नव्हते. आमच्या शेजारच्या कुंपणापलीकडे राहणारे एस्टीचे ड्रायव्हर होते, नोकरीची बरीचशी वर्षं मालवण-कोल्हापूर गाडीवर काढलेले. शेवटची काही वर्षं कंबरदुखीमुळे डेपोत बसून काढली आणि मग निवृत्त झाले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. निवृत्तीनंतर त्यांनी रोज पहाटे रापणीवर जायला सुरुवात केली, तेव्हा वाडीत बरीच चर्चा झाली. "ड्रायव्हरांका पेन्शनीत भागना नाय काय?" असं त्यांच्या तोंडावर विचारणारेही होते. काका सांगत, "भागता. पण माका नीज येना नाय." लोकांना वाटे, मस्करी करतायत.

माझी त्यांच्याशी खरी ओळख २००३ च्या पावसाळ्यानंतर झाली. त्याआधी शेजारी असूनही आमच्यात मान हलवण्यापलीकडे काही नव्हतं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं. मालवणी मला सगळी कळायची, पण बोलायला गेले की पुस्तकातलं मराठी बाहेर पडायचं आणि समोरचा माणूस उगाच सावरून बसायचा. त्यामुळे मी बहुतेक वेळा गप्प असायचे. त्या वर्षी तर गप्प राहायला आणखी मोठं कारण होतं.

जुलैत मला कोल्हापूरला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. एस्टीने एकटीच निघाले. फोंडाघाट चढताना पुढे कुठेतरी ट्रक अडकला आणि गाडी एका वळणावर थांबली. बाहेर धुकं, आत ओल्या छत्र्यांचा वास. अचानक माझ्या छातीत इतकं धडधडायला लागलं की शेजारच्या बाईला ते ऐकू येत असेल असं मला वाटलं. हाताची बोटं बधिर झाली, श्वास अर्ध्यावर अडकू लागला, आणि मी मरतेय याबद्दल मला जराही शंका उरली नाही. लोकांनी मला खाली उतरवलं, कोणी पाणी मारलं, आणि समोरून खाली येणाऱ्या गाडीत बसवून परत पाठवलं. मालवणात डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत निघालं. "मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. कॉलेजने माझी जागा एक वर्ष राखून ठेवली. पुढच्या जुलैत हजर झाले नाही तर ती जाणार होती. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होती, "तिला अ‍ॅनिमिया झालाय." आणि मी एस्टीतच काय, बाजारापर्यंत रिक्षातही बसू शकत नव्हते.

रात्रभर पुढच्या जुलैचा विचार करायचा, पहाटे खिडकीशी उभं राहायचं, सकाळी आई उठवेपर्यंत अंथरुणात लोळायचं आणि दिवसभर चहा-बिस्किटांवर काढायचं, असं माझं चाललं होतं. काका पहाटे किनाऱ्याकडे निघायचे तेव्हा मी त्यांना खिडकीत दिसायची. काही दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. मग एकदा कुंपणाशी थांबून म्हणाले, "जागीच आसस तर चल रापणीर. नुसत्या जागा रवान काय गावता?"

मी म्हटलं, "नको काका. मला बरं नाही."

"मी खंय म्हणतंय बरा आसा म्हणान? बरी आसतंस तर कित्याक बोलावलं असतंय?"

मागून आई म्हणाली, "जा गं." तिला फक्त मी घराबाहेर पडायला हवं होतं. मी गेले, ते नाही म्हणायला शब्द सुचेनात म्हणून.

त्या पहाटे मी दोराच्या शेवटच्या टोकाशी, काकांच्या मागे उभी राहिले. काथ्यासारखा खरखरीत, ओला, थंड दोर. पुढे अनोळखी पुरुषांच्या पाठी. माझ्या हातांनी जाळं तसूभरही पुढे आलं असेल असं मला वाटत नाही. पण दोर हातात आहे तोवर मागे जावं लागतं, आणि मागे जाताना वाळूत टाच कुठे रुततेय याशिवाय दुसरं काही सुचत नाही. शेवटी जाळं आलं. बांगडे फार नव्हते, तारली होती. रापणीचे मुख्य दाजी, पांढऱ्या मिशांचे, फार न बोलणारे, वाटे घालू लागले. रापणीचा रिवाज असा की दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा, मग तो वाटेवरून जाणारा पाहुणा का असेना. दाजींनी मूठभर तारली आणि दोन बांगडे माझ्यापुढे केले.

"नको, थँक्यू," मी म्हटलं.

दाजींचा हात तसाच राहिला.

"बारीक दिसले काय गो?" एकाने विचारलं.

"उपास आसतलो इंग्लिश मीडियमचो," दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी मासे पुन्हा टोपलीत टाकले. माझे कान तापले. या कष्टाच्या माणसांच्या ताटातलं आपण कशाला घ्यायचं, असं मला वाटलं होतं. ते सांगायची सोय नव्हती.

परत येताना काका म्हणाले, "वाटो नको म्हटलंस म्हणजे काय म्हटलंस, ठावक आसा? उद्या मी येवचंय नाय, असा म्हटलंस. ज्येका उद्या येवचा आसता तो वाटो घेता."

"तुमच्याकडे सोमवारी मासे खात नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही सोमवारी पण घेता?"

"घेतंय. मांजरांक सोमवार नसता."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. काका कुंपणाशी थांबले नाहीत, त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्याचं मला इतकं लागलं की पुढच्या पहाटे त्यांच्याही आधी मी फाटकात उभी होते. त्या दिवशी दाजींनी वाटा पुढे केला तेव्हा मी दोन्ही हात पुढे केले. पिशवी आणली नव्हती. बांगडे शेपटीला धरून, कुडत्यावर पाणी गाळत घरी आले, तेव्हा आईच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी अजून सांगू शकत नाही. ती फक्त "आधी हात धू" म्हणाली आणि आत जाऊन उगाच भांडी वाजवू लागली.

मग ते रोजचं झालं. रोजचं म्हणजे काकांच्या अर्थाने रोजचं. थंडी वाजत असो, मासा नसो, रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसो. "माझं आज मन नाही" असं मी एकदाच म्हटलं. ते म्हणाले, "गाडी टायमात सुटता गो. पॅसेंजर नाय म्हणान एस्टी स्टँडार रवता काय? रिकामी जाता, पण जाता." त्यानंतर मनाबद्दल मी त्यांच्याशी कधी बोलले नाही. रिकामी जायचे, पण जायचे.

हळूहळू काही गोष्टी बदलल्या. मला त्या बदलताना कळल्या नाहीत, नंतर लक्षात आल्या. सकाळी नऊला मला कडकडून भूक लागायची आणि मी पेजेचे दोन वाडगे संपवायची. दुपारच्या चहाची आठवण यायची नाही. रात्री पुढच्या जुलैचा विचार सुरू व्हायचा, पण मध्येच कुठेतरी झोप लागायची आणि विचार अर्धाच राहायचा. तळहातांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. रापणकर मला नावाने हाक मारू लागले, आणि माझ्या पुस्तकी मराठीची नक्कलही करू लागले: "दाजी, आपण कृपया दोर सैल सोडाल का?" मला त्याचं हसू येऊ लागलं.

पण भीती गेली नव्हती. ती कुठे आहे हे मला कळत नव्हतं, एवढंच. ती जानेवारीत भेटली. जाळं त्या दिवशी जड होतं. सगळ्यांचा जोर लागला होता, आणि अचानक छातीत तेच सुरू झालं. तीच धडधड, तीच बधिर बोटं. मी दोर सोडला आणि वाळूत बसले. किनाऱ्यावर, उघड्या हवेत, ओळखीच्या माणसांत ते येऊ शकतं, म्हणजे आता ते कुठेही येईल, असं मनात आलं आणि मी अधिकच घाबरले.

"काय झाला रे तेका? पाणी हाडा!" लोक जमू लागले.

"गर्दी करू नकात," काका म्हणाले. "काय नाय झालेला. इंजिन गरम झाला. तुमी वढा." मग माझ्यापासून हातभर अंतरावर बसले. मला हात लावला नाही की धीर द्यायचं काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "घाबारलंस तर घाबार. उठान पळा नको, इतक्याच. काळीज धडधडता ता धडधडांदे. आताच वढी होतंस, तेवा पण धडधडाच होता मा?"

खरं होतं. दोर ओढताना रोजच ते तसं धडधडायचं. मी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. रोज माझ्याच हातांनी मी ते वाढवायची आणि रोज ते आपोआप खाली यायचं. त्या दिवशीही आलं. नेहमीपेक्षा वेळ लागला, पण आलं. मी उठून दोराला नुसता हात लावला. दाजींनी वाटा दिला तेव्हा त्यात रोजच्यापेक्षा एक बांगडा जास्त होता.

घरी येताना काकांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांची कंबर दुखत नव्हती. एका दुपारी, भरलेली गाडी घेऊन फोंडाघाट उतरताना, रोजच्याच एका वळणावर त्यांचे हात कापायला लागले. स्टेअरिंग आपलं नाही असं वाटू लागलं. "काय्येक झाला नव्हता. ब्रेक बरो, रस्तो बरो, पावस नाय. ताच तर." त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन गरम झालंय असं लोकांना सांगितलं आणि कठड्यावर जाऊन बसले. मनात एकच होतं, एवढी माणसं माझ्या हातात, आणि माझे हात माझ्या हातात नाहीत. त्यानंतर काही दिवस त्यांनी कशीबशी गाडी चालवली आणि मग डेपोतलं काम मागून घेतलं. "तुझ्या आवशीन अ‍ॅनिमिया सांगल्यान, मी कंबर सांगलंय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणालो चाला. चलाक लागलंय, तर मन केबिनीत येऊन बसता आणि बडबडता. एक दिस दाजीन हाक मारल्यान, बघतास काय, हात लावा. दोराक हात लावलो आणि मनाक बसाक जागाच उराक नाय. त्या रातीक निजलंय. मगे सोडूक नाय."

"मग आता घाटात जाता?" मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "अजून नाय."

मे महिन्याच्या शेवटी समुद्र बदलला आणि रापण बंद झाली. जाळी वाळवून बांधून ठेवली गेली. मला धास्ती होती की दोर गेला की सगळं परत येईल, आणि जुलै तर समोर दिसत होता. तेव्हा मला दिसलं की काकांनाही तीच धास्ती होती. पावसाळ्यात त्यांचा व्यायाम म्हणजे आमची सामाईक विहीर. पहाटे उठून ते रहाटाने पाणी ओढायला सुरुवात करायचे आणि गरज नसलेल्या घरांचीही पिंपं भरायचे. काकी पडवीतून ओरडायची, "पिंपा भरली, घागरी भरल्यो, आता काय माझ्या डोक्यार वततलास?" ते थांबायचे नाहीत. मी दुसऱ्या बाजूने ओढायला लागले. पावसात आम्ही दोघं विहिरीतून पाणी काढायचो, आणि ते उतू जाऊन परत विहिरीकडेच वाहायचं. त्या दिवसांत मी त्यांचे हात पाहत असे. कधी कधी कळशी खाली ठेवल्यावर ते थोडे कापत असत.

जायचा दिवस ठरला. आई सोबत येणार म्हणाली, पण आईचा काळजीने ओढलेला चेहरा शेजारी असला की मला श्वास घेणं आणखी कठीण जाई. तेव्हा काका म्हणाले, "मी येतंय. कोल्हापूर बघून लय वर्सा झाली." काकीने त्यांच्याकडे चमकून पाहिलं.

गाडीत ते माझ्या शेजारी बसले. कणकवलीपर्यंत त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. पुढे त्या थांबल्या. त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. फोंड्याला गाडी चहासाठी थांबली. वर घाट धुक्यात बुडालेला होता. "पाय मोकळे करतंय," म्हणून ते उतरले. कंडक्टर परत आला, लोक चढले, काका चढले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं तर ते स्टँडच्या खांबाला धरून उभे होते. मग खिडकीशी आले.

"चेडवा, माझा हयसरच," ते म्हणाले.

"म्हणजे काय, काका?"

"सकाळी वाटला होता जमतला. आता वाटना नाय." त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. मी पिशवी उचलून उभी राहिले. त्यांनी ते पाहिलं. "उतारतंस? उतार. दोघांय परत जावया, मी कोणाक काय सांगूचंय नाय." त्यांनी तोंडावरचा घाम पुसला. "पण मी उतारलंय म्हणान तू उतरा नको."

घंटी वाजली. मी खाली बसले. धैर्य वगैरे काही नव्हतं, गाडीला हिसका बसला म्हणून बसले. गाडी निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर उतरले असते. पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून घेतले. घाटात काय काय झालं ते मला सांगता येणार नाही, मी काही पाहिलंच नाही. धडधड कानांत होती. बोटं बधिर झाली. एका ठिकाणी गाडी थांबली, बराच वेळ थांबली, आणि माझ्या तोंडात "मला उतरवा" हे शब्द तयार होते. मी ते बोलले नाही. एवढंच केलं मी त्या दिवशी. गाडी पुन्हा निघाली. मग कधीतरी वळणं संपली, वारा गार झाला, आणि मी डोळे उघडले तेव्हा बाहेर उसाचे मळे होते.

वसतिगृहात सामान टाकून मी समोरच्या बूथवरून काकांच्या घरी फोन लावला. काकी म्हणाली, "ते अजून येवक नाय. तुझ्याबरोबर नाय आसत?" मी काय सांगणार? फोंड्याहून परतीच्या गाड्या किती असतात हे मला माहीत होतं, एव्हाना ते घरी पोचायला हवे होते. घाम, कापणारे हात, एकटा माणूस. पहिल्यांदाच त्या दिवशी मला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणासाठी भीती वाटली, आणि ती जास्त वाईट होती. संध्याकाळी पुन्हा फोन केला. काकांनीच उचलला.

"काका! कुठे होता तुम्ही?"

"फोंड्याक. तुझी गाडी परत खाली येयपर्यंत थांबलंय. कंडक्टराक इचारलंय, चेडू घाटात खंय उतारला काय? नाय म्हणालो." त्यांचा आवाज एकदम वर गेला. "तू झोपलंस मगो! कंडक्टरान सांगल्यान, ता चेडू आख्खो घाट निजान होता!"

मी रिसीव्हर घट्ट धरला. "हो," म्हटलं. "झोप लागली."

"मी इल्यापासून सगळ्या वाडीत सांगान इलंय." पुढे सहा वर्षं, २०१० साली ते जाईपर्यंत, ते ही गोष्ट सांगत होते, आणि मी ती तशीच राहू दिली. त्यांना खरं कळलं होतं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. घाट त्यांनी पुन्हा कधी चढला नाही. मी दर सुट्टीला चढत-उतरत राहिले. डोळे उघडे ठेवायला मला बराच काळ लागला.

पण त्या संध्याकाळी फोनवर हसून झाल्यावर ते एकदम थांबले.

"उद्या सकाळी काय करतलंस?" त्यांनी विचारलं.

याचा विचार मी केलाच नव्हता. वर्षभर मी फक्त घाटाचा विचार केला होता, घाटापलीकडच्या सकाळचा नाही. "इथे समुद्र नाही, काका," मी म्हटलं.

"ता माका ठावक आसा. काय करतलंस?"

"धावीन."

"खंय?"

"बघते."

"आताच बघ," ते म्हणाले. "सकाळी शोधूक गेलंस तर अर्ध्या वाटेतसून परत येवन निजतलंस. ठेव फोन."

मी फोन ठेवला. बाहेर पाऊस थांबला होता आणि अजून थोडा उजेड होता. रस्त्यावरची सगळी माणसं अनोळखी होती. मी बूथवाल्याला विचारलं, इथे जवळ मैदान कुठे आहे, आणि अंधार पडायच्या आत ते पाहून ठेवायला निघाले.